खोडलेलं कलम

आर्डिथ प्रुइटनं जन्मभर दुसऱ्यांचे करार मोठ्यानं वाचले. न्यूयॉर्कच्या त्या वकिली कचेरीत मसुदा दोघींनी तपासायची रीत होती. एकीनं स्वल्पविरामासकट वाचायचं, दुसरीनं कागदावर बोट ठेवायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. जोडीदारीण विनिफ्रेड वारली, आर्डिथ निवृत्त झाली, आणि ब्रुकलिनच्या खोलीत बोलायला रेडिओ तेवढा उरला. ना नवरा, ना मूल. एकटेपणा खायला उठायचा बाईला.

एकच आशा होती. व्हरमाँटच्या वृद्धाश्रमात धाकटी बहीण नेल राहायची, तिच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. जवळचे केलवर्थ बिस्किट कंपनीचे कर्जरोखे विकले की आर्डिथचं प्रवेशशुल्क भागणार होतं. तेवढ्यात कुणा धनदांडग्यांनी भरमसाट कर्ज काढून केलवर्थ विकत घेतली, आणि ते कर्ज लादलं कंपनीच्याच डोक्यावर! आता ती जुनं देणं फेडेल कशी, म्हणून जुन्या रोख्यांचा भाव निम्म्यावर आला. घ्या!

रोखेधारक कोर्टात गेले. कंपनी कर्ज वाढवणार नाही असं रोख्यांच्या करारात नव्हतं. पण सचोटीनं वागायचं हे गृहीतच असतं, असा त्यांचा दावा. त्यांचा वकील डुगन आर्डिथकडे आला, कारण तो करार कचेरीत तिनंच वाचला होता.

“आर्डिथबाई, एवढंच सांगा, हा विषय कधी निघालाच नव्हता.”

“निघाला होता की! पहिल्या मसुद्यात कर्जाला मर्यादा घालणारं कलम होतं. दुसऱ्यात खोडलेलं. मीच वाचलंय.”

डुगननं कपाळावर हात मारला. “अहो, मग रोखे घेतलेतच कशाला?”

“केलवर्थवाले दर नाताळला कचेरीत आम्हा दोघींना बिस्किटांचा डबा पाठवायचे हो. असली माणसं कशाला फसवतील, वाटलं.”

“मसुदे गेले रद्दीत. तुमच्याशिवाय कुणाला आठवत नाही. बघा बाई, तुमच्या हातात आहे.”

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं, कर्जाच्या मर्यादेचं कलम कधी मसुद्यात होतं का? ‘नाही’ म्हणायला काय जातंय, तिच्या मनात आलं. नेलच्या शेजारची खोली डोळ्यांपुढे आली.

“होतं,” ती म्हणाली. “खोडलं होतं.”

संपलं! जे वचन दोन्ही बाजूंनी जाणूनबुजून काढलं, ते कोर्ट परत घालणार नाही, म्हणत न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

आर्डिथनं नेलला फोन करून सगळं सांगितलं.

“माझ्यासाठी एक ‘नाही’ म्हणवलं नाही तुला, ताई?” नेल रडत म्हणाली. “मी तुझ्या खोलीच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावून ठेवले होते गं.”

नेलनं फोन ठेवला.

रविवारी आर्डिथनं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.