मोडण्यासाठी जमवलेले दात

प्रबंध करणाऱ्याच्या हाती शेवटी आकडे लागतात म्हणे. माझ्या हाती किस्सेच जास्त लागले, आणि ते कुठल्याच तक्त्यात बसेनात!

विषय साधा होता. रूट कॅनाल झालेल्या दाताचा वरचा भाग उरलाच नसेल, तर मुळात एक खुंटी बसवून तिच्यावर कॅप घालतात. त्या खुंटीला आम्ही पोस्ट म्हणतो. धातूचा पोस्ट चांगला की फायबरचा, ते मला शोधायचं होतं. त्यासाठी काढलेले चाळीस दात जमवायचे, त्यांत पोस्ट बसवायचे आणि मशीनखाली दाबून मोडायचे. एक दात एकदाच मोडतो, आणि सबमिशन तोंडावर आलेलं. जेवणात लक्ष नाही, झोप नाही, नुसती धाकधूक.

*

दात मागत मी आमच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दिवसभर येरझाऱ्या घालायचे. पेठ वडगावच्या एका आजोबांचा हलणारा दात आम्ही मुळाला धक्का न लावता काढला. अभ्यासासाठी ठेवून घेऊ का, असं मी विचारलं. कसला अभ्यास, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा खरं ते सांगून टाकलं.

आजोबांनी गालातला कापूस जिभेने बाजूला सारला.

"मोडायचाच हुता, तर एवढा जपून कशाला काढलासा?"

संमतीपत्रावर सही मात्र केली बिचाऱ्यांनी.

*

मंगळवार पेठेत मी एका काकूंकडे पेइंग गेस्ट होते. कॉलेजचा फ्रीज बंद पडला आणि दातांची बरणी मी दोन दिवस काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवली. सांगायचं धाडस काही झालं नाही.

संध्याकाळी हाक आली. आता खोली गेली, असं धरूनच मी स्वयंपाकघरात गेले. बरणी काकूंच्या हातात होती.

"माणसाचे हायत न्हवं?"

मी मान हलवली.

"मग खालच्या कप्प्यात ठेव. वर निवदाचं दूध हाय."

*

दाबाचं मशीन आमच्याकडे कुठलं! ते होतं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे सुटे भाग तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. तिथले मामा आयुष्यभर फौंड्रीचा माल तपासत आलेले. पहिला दात लावला. आकडा चढायला लागला, आणि मामांनी फटकन लाल बटण दाबलं.

"वाचीवला बघा मॅडम. मोडतच हुता!"

त्यांच्या कामात मालाने ठरलेला दाब सोसला की तो पास. पुढे मोडून कशाला बघायचा? पण एकदा दाबलेला दात परत लावून चालत नाही. माझा एक दात फुकट गेला आणि मी तिथेच रडकुंडीला आले. मामांनी चहा मागवला. जास्तीचा म्हणून ठेवलेला एक दात मी पिशवीतून काढला. त्यानंतरचे चाळीसही मामांनी इमानदारीत मोडले आणि तुकडे नंबर लिहून माझ्या हातात दिले.

*

निकालात धातू जिंकला. त्याचे दात जास्त दाब सोसत होते. फक्त मोडताना मूळच उभं चिरत होतं, म्हणजे तो दात काढून टाकण्याच्याच लायकीचा. फायबरवाल्यात पोस्ट लवकर मोडायचा, मूळ मात्र शाबूत, म्हणजे त्यात पुन्हा नवा बसवता येतो.

पेशंटला यातला कुठला घालशील ते लिही, एवढंच माझे गाईड सर म्हणत होते. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मोठा आकडा सोडून दुसरं काही लिहायचं म्हटलं की मी पेन खाली ठेवायचे.

आणि अशात मामाच ओपीडीत हजर झाले! ऊस सोलताना त्यांचा दात हिरडीपाशी तुटला होता. रूट कॅनाल झालं, पोस्टची वेळ आली. मी दोन्ही पोस्ट ट्रेमध्ये ठेवले. हे पेशंटला विचारायचं नसतं, पण मला राहवेना. मामा, तुम्ही सगळे मोडून बघितलेत, तुम्हीच सांगा कुठला घालू, असं मी विचारलं.

मामांनी ट्रेकडे नीट बघितलं.

"जो लवकर मोडत हुता, त्यो घाला," म्हणाले, आणि तोंड उघडून आडवे झाले.