लोलकातले गृहस्थ

चमकीताईंचं खरं नाव स्टुडिओच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच सुखात होतं. बाहेर त्यांना सगळे चमकीताईच म्हणत. लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर एखाद्या हेडक्लार्कच्या निवृत्तीचा निरोप असो, कॅमेऱ्यातून मरगळलेला आलेला समारंभ त्यांच्या कॉम्प्युटरवरून लखलखत बाहेर पडायचा. हॉलमधले निम्मे दिवे गेलेले असले तरी नवरीच्या पाठीमागे सोनेरी ठिपक्यांची ही गर्दी! मेणबत्ती विझून धूर निघत असला तरी फोटोत ती पेटलेली, वर चार ठिणग्या आगाऊ. ज्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या लग्नाचा अल्बम बघून तीच मंडळी म्हणत, "नाही म्हटलं तरी थाट होता हं!"

स्टुडिओच्या मागच्या खोलीत, पंख्याखालच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून त्या एकोणीस वर्षं हे काम करत होत्या. त्यांची चमक विकतची नव्हती. ती त्यांनी घरी काढलेली. दुपारी खिडक्यांना चादरी लावायच्या, काळी छत्री उघडून भिंतीला टेकवायची, तिच्यासमोर दोऱ्याने झुंबराचा एक जुना लोलक टांगायचा आणि नवऱ्याच्या हातात टॉर्च द्यायचा. लोलकातून किरण फुटले की कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. मग ते चित्र समारंभाच्या फोटोवर ठेवून कॉम्प्युटरला एक खूण केली की त्यातलं काळं तेवढं गायब होतं आणि उजेड खालच्या फोटोवर उरतो. छत्री जाते, भिंत जाते, चांदणी राहते. सगळी विद्या एवढीच. पण ती चांदणी कुठे ठेवायची आणि कुठे चुकूनही ठेवायची नाही, हे ठरवायला एकोणीस वर्षं लागतात.

टॉर्च धरणारे गृहस्थ पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांना समारंभांचा मनस्वी कंटाळा. आमंत्रण आलं की त्यांची कंबर धरायची आणि जेवणं उरकल्याची बातमी आली की सुटायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्टुडिओच्या मालकांच्या घरी सून आली. मालकांना लोक पाठीमागे 'अर्धासेकंद' म्हणत, कारण फोटो काढताना "अर्धा सेकंद हं" म्हणून ते माणसाला पाच मिनिटं दात काढून बसवत. सून शिकलेली, चटपटीत, आणि तिच्या लॅपटॉपमध्ये एक नवा प्रोग्रॅम होता. एक बटण दाबलं की फोटोभर चांदण्या.

"ताई, तुम्हाला एका फोटोला किती वेळ लागतो?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"फोटो कुणाचा आहे त्यावर आहे, सूनबाई."

"ह्याला चार सेकंद लागतात. कुणाचाही असो."

मालकांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. खुर्ची एक आणि बसणारी माणसं दोन, हे चमकीताईंनाही न सांगता कळलं.

नेमके त्याच महिन्यात दातांचे डॉक्टर तावातावाने दुकानात शिरले. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ झाला होता आणि दवाखान्यात लावायला त्यांनी चार फुटी फोटो करून घेतला होता. काखेत तोच फोटो होता. त्यांनी तो काउंटरवर आडवा केला, खिशातून भिंग काढलं आणि आपल्याच डोक्यावरच्या मोठ्या चांदणीवर धरलं.

"हा कोण?"

मालक वाकले. सून वाकली. चमकीताई मागच्या खोलीतून आल्या आणि त्यांना वाकायची गरजच पडली नाही. चांदणीच्या ऐन मध्यभागी पांढरं बनियन घातलेला, ढेरी सुटलेला, हातात टॉर्च घेतलेला एक माणूस उलटा उभा होता आणि जांभई देत होता.

काळं गायब होतं, पांढरं राहतं. आणि लोलकात उलटं उमटलेलं बनियन पांढरं असतं, हे एकोणीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"माझे मिस्टर आहेत," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार!

"ते माझ्या डोक्यावर काय करतायत?"

"उजेड दाखवतायत."

डॉक्टरांना हसावं की रागवावं ते ठरवता येईना. तेवढ्यात सून पुढे सरसावली. "डॉक्टर, दोन मिनिटं बसा. लगेच नवीन करून देते." तिने लॅपटॉपवर बटण दाबलं. खरोखरच चार सेकंद लागले. प्रोग्रॅम बिचारा शहाणा होता, पण त्याला एवढंच ठाऊक, की जे चकाकतं त्याच्यावर चांदणी ठेवायची. त्याने डॉक्टरांच्या टकलावर एक ठेवली, वाढप्याच्या हातातल्या डावावर एक ठेवली आणि सगळ्यांत झगझगीत ठेवली ती डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या दातावर.

डॉक्टरांनी त्या दातावर भिंग धरलं. मग हळूच म्हणाले, "तो दात मी बसवलाय. लोकांना ओळखू येत नाही म्हणून तर माझी प्रॅक्टिस चालते."

शेवटी चमकीताईंनी दुसरी चांदणी घालून फोटो परवा द्यायचा असं ठरलं. मालक डॉक्टरांना दारापर्यंत सोडून आले. "होतं कधीतरी, ताई. एका फोटोचं तर आहे. पुढे बघून करा."

एका फोटोचं! ती लोलकाची चांदणी सहा वर्षांपूर्वीची. त्यांची सगळ्यांत लाडकी. कुठे फोटो निर्जीव वाटला की हात आपोआप तिच्याकडेच जायचा. लहान फोटोत ती तिळाएवढी दिसते, म्हणून कुणाला पत्ता नाही लागला. त्यांनी खोलीचं दार लोटून जुन्या फाइली उघडल्या आणि मोजायला बसल्या. संध्याकाळपर्यंत आकडा चारशे सदतीसवर गेला. जो माणूस कंबर धरून घरी झोपायचा, तो शहरातल्या चारशे सदतीस समारंभांना जातीने हजर होता. तोही बनियनवर.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो आधी खूश झाला.

"आमच्या पाइपांच्या त्या कंत्राटदाराच्या घरी पण?"

"मुलीच्या लग्नात. अगदी हाराच्या वर."

"मला तर बोलावलं पण नव्हतं त्याने!" मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "अगं, म्हणजे तुझ्या भावाकडेही?"

भाऊ आणि हे गृहस्थ, दोघांचं एका शिडीवरून वाजलं होतं. शिडी कुणी मोडली हे अजून ठरायचंय. चार वर्षं बोलणं बंद, आणि भाच्याच्या लग्नावर ह्यांनी बहिष्कार घातलेला.

"अहो, हॉलमध्येच लावलाय त्याने. सोफ्याच्या वर."

"म्हणजे मी चार वर्षं त्याच्या घरात आहे? बनियनवर?" तो ताडकन उभा राहिला. "मला काढ तिथून! उद्याच्या उद्या मालकांना सांग."

"सांगितलं तर खुर्ची जाईल माझी. ती पोरगी टपूनच बसलीय."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर काय! सहा वर्षांत एकाने पाहिलं, तेही दातांतली कीड शोधणाऱ्याने."

"मग नको सांगू," तो म्हणाला आणि टीव्ही लावला. बायकोचा स्वभाव त्याला पक्का माहीत होता. अशा वेळी नको म्हटलं की तिला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या चमकीताईंनी चारशे सदतीस नावांची यादी मालकांच्या टेबलावर ठेवली. मालकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्या पानावर स्वतःच्याच मुलाच्या लग्नाची नोंद आली तसा चष्मा काढून ठेवला.

"आमच्या पण?"

"सूनबाईंच्या उजव्या खांद्यावर."

सून धावत वर घरात जाऊन अल्बम घेऊन आली. भिंग लावलं. "अय्या! मला वाटायचं फुलपाखरू आहे."

"हे कुणालाही कळता कामा नये," मालक हळू आवाजात म्हणाले. "यादी फाडा. विषय संपला."

"नाही मालक. मी प्रत्येकाला फोन करणार. ज्याला नको असेल त्याला बदलून देणार. माणसांनी घराच्या भिंतीवर आपली माणसं लावलीत, माझं नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ही घ्या मागच्या खोलीची किल्ली. फोन मी घरून करेन."

मालक किल्लीकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत ही बाई एवढं एका दमात बोलली नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. एरवी ती पटकन किल्ली उचलेल असं कुणालाही वाटलं असतं. पण दाताची चांदणी तिलाही झोंबली होती.

"बाबा, चांदणी कुठे नको ते माझ्या मशीनला कळत नाही," ती म्हणाली. "पण दिवसाला साठ फोटो ताईंच्यानेही व्हायचे नाहीत."

मालकांनी अर्धा सेकंद, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पाच मिनिटं, विचार केला आणि निकाल दिला. सकाळपासून दुपारी एकपर्यंत खुर्ची सुनेची, एकनंतर चमकीताईंची. भिंतीवर लावायचे मोठे फोटो ताईंनीच करायचे, पण भिंग लावून तपासल्याशिवाय छापायचे नाहीत. फोन सकाळी करायचे, खुर्चीशिवाय. चमकीताईंना अर्धी खुर्ची काही आवडली नाही, पण किल्ली त्यांनी परत कमरेला लावली.

फोन संपायला दीड महिना लागला. निम्म्या लोकांना त्या काय सांगतायत तेच कळेना. चौदा जणांनी फोटो बदलून घेतले. कंत्राटदाराने आधी भांडण काढलं आणि मग बनियनची कंपनी विचारली. भावाचा फोन त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, सोफ्यावर चढून बघून आला आणि म्हणाला, "राहू दे गं, ताई. इथे निदान तो गप्प तरी असतो."

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. 'बदलला' म्हणून मोकळ्या झाल्या.

आता सकाळी सून बसते. ती उंच, म्हणून खुर्ची वर चढवते. एक वाजता चमकीताई येतात, खाली मान घालून खुर्ची उतरवतात, चष्मा पुसतात आणि कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा वर. दोघींनी अजून एकमेकींना त्याबद्दल एका शब्दाने विचारलेलं नाही.