विस्ताराची बातमी

आमच्या पेपरात सातारा रोज वाढतो. हद्दवाढ झाली, रस्ते रुंद झाले, पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत शोरूमची रांग लागली, आणि गेली एकोणीस वर्षं हे सगळं मी लिहिते. माझ्या पानाचं नाव ‘शहर आणि उद्योग’. म्हणजे अर्ध्या पानात उद्घाटनं आणि उरलेल्या अर्ध्यात त्याच उद्घाटनांचे फोटो. भाद्रपद संपत आला की या पानाला उसंत नसते. कासच्या फुलांपायी अडकलेल्या गाड्या, दांडियाचे मंडप, झेंडूची आवक, दसऱ्याच्या मुहूर्तावर दुचाकीच्या दुकानात उडालेली झुंबड. दरवर्षी तेच, फक्त फीत कापणारा पाहुणा बदलतो. हसायचं तर हसा, पण मला हे काम आवडायचं.

काम शिकवलं सरांनी. सर म्हणजे आमचे संपादक. मी मेढ्याच्या वरच्या अंगाच्या खेड्यातून आलेली, बातमी म्हणजे निबंध अशी माझी समजूत. पहिल्या बातमीत त्यांनी इतकं खोडलं, की माझे म्हणावेत असे दोनच शब्द शिल्लक राहिले. मी रडले. ते म्हणाले, “बाई, समोरचा जे सांगायचं टाळतोय ते आधी विचारायचं. बाकीचं तो आपणहून सांगतोच.” तेव्हापासून मी तेच करत आले. लग्न केलं नाही, त्यामुळं घरी कोणाला घाई नसायची. सरांच्या केबिनबाहेरचं टेबल हेच माझं घर, असं ऑफिसातले लोक चिडवायचे आणि मला त्याचा राग यायचा नाही.

मला साताऱ्यात आणलं ते माझ्या थोरल्या भावानं. दादा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. एकाच मशीनवर अठ्ठावीस वर्षं. तो पाळ्या करायचा आणि मी कॉलेजात जायची. पुढं त्याचं लग्न झालं, मुली झाल्या, मी दोन गल्ल्या सोडून वेगळी खोली घेतली. पण रोज सकाळी कामावर जाताना माझ्या दारातून हाक मारून जायचं त्यानं सोडलं नाही. मी दात घासत असले तरी हाकेला ओ द्यावीच लागायची.

पितृपक्षात कोणी पत्रकार परिषद घेत नाही. ती घेतली घटस्थापनेला, दादाच्याच कारखान्याच्या व्यवस्थापकांनी. कंदी पेढे होते, फुलांचे गुच्छ होते आणि पडद्यावर एका नव्या कारखान्याचं चित्र होतं. कंपनीचा विस्तार होतोय, परराज्यात मोठी जागा मिळाली आहे, साताऱ्याचं नाव देशभर जाणार आहे. माझ्या शेजारचे दोघे मान डोलवत लिहून घेत होते. मी विचारलं, “मग इथल्या जुन्या शेडचं काय?” व्यवस्थापक हसले. म्हणाले, “मॅडम, ते तर आमचं मूळ आहे. मुळाला कोणी हात लावतं का?” मी म्हटलं, “म्हणजे इथलं काम चालू राहणार, असं लिहू?” त्यावर ते म्हणाले, “तुम्ही पेढा घेतला नाहीत,” आणि ताट माझ्यापुढं केलं.

मी ऑफिसात येऊन बातमी लिहिली. शेवटचं वाक्य असं होतं: ‘साताऱ्यातील सध्याच्या कारखान्याच्या भवितव्याबाबत व्यवस्थापनाने स्पष्ट उत्तर दिले नाही.’ सरांनी ते वाक्य खोडलं. “सणासुदीचे दिवस आहेत, बाई. कामगारांच्या घरात उगाच धास्ती कशाला?” मी म्हटलं, “पण सर, त्यांनी उत्तर टाळलं.” सर म्हणाले, “मी बोललोय त्यांच्याशी. तसं काही नाही.” एकोणीस वर्षांत सरांनी मला खोटं सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर ठळक मथळा आला, त्यात ‘विस्तार’ आणि ‘सातारा’ हे दोन्ही शब्द होते.

त्याच संध्याकाळी दादा आला. नेहमीसारखा दारातून न जाता आत येऊन बसला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. त्याच्याबरोबर पूर्वी काम करणारा एक आटपाडीकडचा मित्र आता सांगलीच्या कारखान्यात फोरमन झाला होता. त्यानं दादाला बोलावलं होतं. लेथवरचा जुना माणूस हवा होता, कायमची जागा होती, फक्त दसऱ्यापर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

“तो म्हनतोय, गड्या, तुमचं साताऱ्याचं काय खरं न्हाई, निघ तिथनं,” दादा म्हणाला. “तू पेपरात हाईस. तुला आतलं ठावं असतं. आमचं ऱ्हातंय का जातंय?”

खोडलेलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी ते त्याला सांगायला हवं होतं, एवढंच करायचं होतं. पण सर म्हणाले होते, तसं काही नाही. शिवाय दादा सांगलीला गेला तर सकाळची हाक बंद होणार होती. हेही मनात आलं, ते आज कबूल करते. मी म्हटलं, “अरे, आजच्या पेपरात आलंय की. विस्तार होतोय. पन्नाशी उलटल्यावर कुठं परक्या गावात बिऱ्हाड थाटतोस?”

दादाचा चेहरा मोकळा झाला. “मग बरं झालं. माझाबी पाय निघत न्हवता,” म्हणाला, आणि चहा न घेताच वहिनीला सांगायला पळाला. त्यानं सांगलीला ‘येत नाही’ असं कळवून टाकलं.

खंडेनवमीला त्या कारखान्यात घरच्यांना आत सोडायची पद्धत होती. एरवी गेटच्या आत चिटपाखरू जाऊ देत नाहीत, पण त्या दिवशी बायका नव्या साड्या नेसून येतात, पोरं बापाचं मशीन बघतात. प्रत्येकजण आपापल्या मशीनची पूजा करतो. त्या साली व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, यंदा विस्ताराचं वर्ष, पूजा दणक्यात झाली पाहिजे. आठवडाभर कामगार मशीन धूत होते. हिरवा रंग नव्यानं मारला. जमिनीत गाडलेल्या बोल्टांवर गंज चढलाय म्हणून तेल सोडून ते ढिले करून, पुसून पुन्हा बसवले. दादा तर बोटांना रंग लावूनच माझ्या दारात हाक मारायला यायचा.

मी कॅमेरा घेऊन गेले होते. पानासाठी फोटो हवाच होता. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, उसाची कांडी, लेथच्या पुढ्यात नारळ. पांढऱ्या शर्टातले चार पाहुणे फिरत होते. व्यवस्थापकांनी त्यांची ओळख ‘आमचे स्नेही’ अशी करून दिली. दादाच्या मशीनपाशी ते बराच वेळ थांबले. किती वर्षांचं आहे, कधी बिघडलंय का, काम अजून अचूक निघतं का, असं विचारत होते. पूजा व्हायची होती, म्हणून दादानं त्यांना मशीन चालवूनच दाखवलं. लोखंडाचा एक तुकडा फिरवून, कातून, मापून त्यांच्या हातात दिला. “लोन्यावानी चालतंय बघा, सायेब. माझी पोरगी समजा,” म्हणाला. पाहुण्यांनी मशीनवरच्या पाटीचा फोटो घेतला. मी दादाचा आणि पाहुण्यांचा घेतला. दादा त्यात इतका खुशीत आहे की आजही तो फोटो संगणकातून पुसायला माझा हात धजत नाही.

पूजा झाली की मशीनला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. खंडेनवमीला बटण बंद केलं की दसरा उलटेपर्यंत त्या शेडकडं कोणी फिरकतही नाही. त्या साली दसऱ्याला जोडून रविवार आला होता. सगळी वसाहत बंद होती, आणि सगळे कामगार आपापल्या घरी सोनं वाटत होते.

सोमवारी सकाळी दादाचा फोन आला. “ये जरा हिकडं. कॅमेरा घिऊन ये.” एवढंच. मी रिक्षा केली. गेटवर ओळखीचा एकही रखवालदार नव्हता. भिंतीला कागद लावला होता, की युनिटचं स्थलांतर झालं आहे, इच्छुकांनी परराज्यातल्या जागेवर महिनाअखेरपर्यंत हजर व्हावं. शेडचं मोठं दार उघडंच होतं. आत एकही मशीन नव्हतं. जमिनीवर मशीनच्या आकाराचे काळे चौकोन आणि त्यांच्या कडेनं नुकतेच तेल देऊन पुसलेले बोल्ट. झेंडू तुडवला गेला होता. कामगार दारातच उभे होते, आत कोणी जात नव्हतं. एक जण म्हणाला, “पूजा केली न्हाई आमी, मशिनं इकायला सजवून दिली.” चार पाहुणे कोण होते ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. नव्या जागेवर नवी मशिनं येणार होती, आणि ही जुनी त्या चौघांनी विकत घेऊन उचलून नेली होती.

एकटा दादा तेवढा आत जाऊन त्याच्या चौकोनात उभा होता. मला म्हणाला, “मीच चालवून दावलं गं त्येंला.”

मी तशीच ऑफिसात गेले. चपलासुद्धा बाहेर काढल्या नाहीत. केबिनमध्ये शिरून सरांना विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

सरांनी चष्मा काढला. खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “पितृपक्षातच सांगितलं होतं मला त्यांनी. दसऱ्यापर्यंत थांबा म्हणाले. बाई, आधी छापलं असतं तर संप झाला असता, मशिनं अडकली असती, आणि पुढं कोण येईल या गावात कारखाना काढायला? शहर वाढायचं तर थोडं पोटात ठेवावं लागतं.”

“माझा भाऊ आहे तिथं. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही.”

मी काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. बाहेर सगळे माना खाली घालून बसले होते. ज्या माणसानं मला प्रश्न विचारायला शिकवलं, त्यानं माझाच प्रश्न खोडला आणि वर माझ्या नजरेला नजर देऊन ‘तसं काही नाही’ म्हणाला. माझा विश्वास त्यानं वापरला, जसा त्या व्यवस्थापकानं कामगारांचा रिवाज वापरला. मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. नोकरी सोडली का, असं विचारू नका. सोडली नाही. या वयात साताऱ्यात दुसरं काय करणार होते? मी सरांशी कामापुरतं बोलते आणि त्यांनी आणलेला चहा घेत नाही. एवढाच माझा बाणेदारपणा.

सांगलीची जागा तोवर भरली होती. आटपाडीकर मित्रानं दादाला स्वच्छ सांगितलं, आठवडाभर आधी बोलला असतास तर. दिवाळीत दादा एका गॅरेजमध्ये जाऊ लागला, गाड्या धुवायला नव्हे, पण त्याहून फार वरचं कामही ते नव्हतं. सकाळची हाक चालू होती. मी तीन आठवडे भेटेल त्याला सरांची गोष्ट सांगत होते, दादालाही सांगितली. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “तुलाबी फशिवलं गं त्या मान्सानं.”

भाऊबीजेला तो आला. मी पाट मांडला, ताट केलं, पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. निरांजन लावत होते तेव्हा तो म्हणाला, “काल त्या पोरांशी भांडलो मी. कारखान्यातल्या.”

“का?”

“म्हनत व्हते, तुझी भन पेपरात, तिला कसं ठावं न्हाई? मी म्हनलं, त्वांड सांभाळून बोला. तिला नुसती शंका जरी आली असती, तरी आदी माझ्या कानावर घातली असती तिनं.” आणि टोपी सारखी करून त्यानं ओवाळून घ्यायला मान पुढं केली.

मी निरांजनाचं ताट हातात घेतलं. वाटलं, गप्प बसावं. त्याला कधी कळणार नव्हतं. मग वाटलं, अगदी असंच वाटून गप्प बसणाऱ्या माणसाला मी तीन आठवडे शिव्या घालतेय. मी ताट खाली ठेवलं आणि सांगितलं. व्यवस्थापकानं उत्तर टाळलेलं, मी लिहिलेलं वाक्य, सरांनी ते खोडलेलं. सगळं.

“कवा?” दादानं विचारलं.

“तू मला विचारायला आलास, त्याच्या आदल्या दिवशी.”

त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. नंतर म्हणाला, “ववाळ.” मी ओवाळलं. त्यानं खिशातून साडीची पिशवी नव्हे, वहिनीनं विणलेला लोकरी रुमाल काढून ताटात ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठला. “जेवून जा,” मी म्हटलं. भाऊबीजेला तो माझ्याकडं जेवला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. तो चपला घालत होता.

“मी तरीबी न्हाई गेलो असतो सांगलीला,” तो म्हणाला. “पर मी इचारलं हुतं तुला.”

थोड्या वेळानं वहिनीचा फोन आला. “आवं वन्सं, ह्येंचं जेवान झालं का? का मी वाट बघू?”

“झालं,” मी म्हणाले.