वरच्या खोलीतले चाचा

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आम्ही अमरावतीत एका माडीच्या खालच्या खोलीत भाड्याने राहायला आलो. वरच्या खोलीत अकोल्याकडचे एक चाचा राहत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसाठी ते चामड्याचे पट्टे करत आणि त्यांवर ठशाने ठोकून वेलबुट्टी काढत. बोलणं कमी. जिन्यात भेटले की मान खाली घालून बाजूला होत.

माझी मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. जरा आवाज झाला की दचके, दूध सोडून देई. दोन-तीन दिवसांत वरची ठोकाठोक थांबली. चाचा आजारी पडले की काय, म्हणून मी वर गेले. ते ओलवलेल्या चामड्यावर शिंगाच्या बोथट टोकाने एकेक पाकळी दाबून उमटवत होते.

"काहून ठोकत नाई, चाचा?"

"पोरीले झोपू द्या, बाई. दाबून बी फूल निघते. जरा येळ लागते, बस."

गाडीवाले खोळंबून कुरकुरत, दुसरीकडे जात. चाचांनी कुणालाच कारण सांगितलं नाही. त्या शांततेत माझी लेक पोटभर पिऊ लागली, बाळसं धरू लागली. ती अंगणात धावायला लागली तेव्हा मी वर जाऊन हात जोडले आणि म्हटलं, "चाचा, आता खुशाल ठोका."

त्यांनी शिंग खाली ठेवलं नाही. "दुपारी निजते ना अजून?" म्हणाले.