काकूंचा अलर्ट साडेपाच तास उशिरा आला

मंडळी, आज माझ्या कोडने माझी पार लाज काढली.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी एक ॲप बनवलंय. सकाळी नऊच्या आत ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं. नाही दाबलं, तर माझ्या फोनवर अलर्ट येतो.

आज चौथ्या मजल्यावरच्या सुलभाकाकूंचा अलर्ट आला. दुपारी अडीचला!

धावत वर गेलो. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसलेल्या, समोर दोन कप चहा, साय धरलेला.

“आलास? मुद्दाम नाही दाबलं रे बटण. म्हटलं, बघू तरी खरंच कुणी येतं का.”

“नऊपासून अशाच बसलात?”

“मग काय! दोनदा चहा गरम केला.”

सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. त्याचे नऊ म्हणजे आपले अडीच. टायमर लावताना मी ते बघितलंच नाही. आणि काकूंसकट सगळेच रोज वेळेत बटण दाबायचे, त्यामुळे चूक कधी उघडी पडली नाही.

घरी येऊन पाच मिनिटांत वेळ दुरुस्त केली. मग टेस्ट करायला स्वतःचंच नाव टाकलं. मीही दुसऱ्या मजल्यावर एकटाच राहतो. पुढचा रकाना आला: ‘कुणाला कळवायचं?’ बाकी सगळ्यांच्या नावापुढे तिथे माझाच नंबर आहे.

फोनमधले सगळे नंबर वर-खाली केले. अर्धा तास गेला.

शेवटी काकूंचा टाकला.

तुम्ही कुणाचा टाकला असता?