शिळं पाणी

जुळे सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की उरलेलं पाणी ओतून देऊन भांडी नव्यानं भरायची, ही आमच्या गल्लीतल्या बायकांची रीत. कालचं पाणी म्हणजे शिळं. चार दिवस पाणी सोडणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची आणि पाचव्या दिवशी तेच पाणी मोरीत उपडं करायचं, हे मीही वर्षानुवर्षं केलं.

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना हे खुपायला लागलं. त्यांनी बेसिनखालचा पाइप काढून तिथं बादली ठेवली. तांदूळ धुतलेलं पाणी, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, मी शिळं म्हणून टाकायला निघालेलं पाणी, सगळं ते अंगणातल्या निळ्या पिंपात साठवत. दुपारी बरोबर चारला त्यातला एक तांब्या कढीपत्त्याला घालत. मी बघत असले की मात्र त्यांचे हात थांबायचे, कारण मी बोलायची. "घराचा उकिरडा केलाय तुम्ही," असं मी कितीदा म्हणाले, त्याची आता लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. बसल्या जागी, चहा पिता पिता. मैंदर्गीहून धाकटी नणंद आली, शेजारणी आल्या. मयताच्या घरातलं पाणी ठेवत नाहीत म्हणून त्यांनी घरभरचं पाणी ओतायला घेतलं. हंडे, कळश्या, बेसिनखालची बादली. ह्यांनी थेंब थेंब जमवलेलं पाणी अंगणातून रस्त्यावर वाहत गेलं आणि मी नुसती बघत राहिले. नणंद निळ्या पिंपाकडे वळली तेव्हा मात्र आडवी गेले.

"वयनी, असं करू नगा. लई वाईट असतंय ते. वता की."

"ते शिळं नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. मी पिंपाला झाकण लावलं, वर पाटा ठेवला आणि त्यातलं थेंबभरही वापरायचं नाही असं ठरवलं.

पंधरा दिवसांनी नणंद परत गेली, मी एकटी राहिले. एकदा झाकण उघडलं तर पाणी उतरलेलं. उन्हानं आटलं असेल म्हणून मी आतून, पाण्याच्या कडेला कुंकवाचं बोट ओढलं. दुसऱ्या दिवशी पाणी त्या रेघेखाली होतं, तांब्याभर. पाटा जागचा हलला नव्हता. कढीपत्त्याची माती मात्र ओली होती.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. असंच चाललं तर पिंप रिकामं होणार, मग माझ्यापाशी काय राहणार? मी रोज चारच्या आधीच खुर्ची टाकून पिंपाशी बसायला लागले, झाकणावर हात ठेवून. पाणी उतरायचं थांबलं. चार वाजले की भर उन्हात हाताखालचं झाकण गार पडायचं, तेवढंच.

आठवड्याभरात कढीपत्त्यानं मान टाकली. पानं पिवळी पडून माझ्या पायाशी गळत होती आणि मी भरलेलं पिंप राखत बसले होते. त्या दुपारी मला माझीच शिसारी आली. उठून पाटा बाजूला केला, तांब्या घासून पिंपाशेजारी ठेवला, आत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर तांब्या पाण्यात बुडल्याचा डुबुक असा आवाज आला.

पुढं ते पाणी संपलं. तळ दिसला त्या दिवशी मी खूप रडले.

आता नळाला पाणी आलं की मी काही ओतून देत नाही. उरलेलं सगळं निळ्या पिंपात घालते. कढीपत्ता पुन्हा भरलाय. शेजारीण पानं न्यायला येते, तिला चारच्या आत ये म्हणून सांगून ठेवलंय. चार वाजले की मी आत जाऊन दार लोटते. मी समोर असले की त्यांना जमत नाही. जिवंतपणीही जमत नव्हतं.