सात नंबरच्या मेंढीची पंगत

कळसच्या शिवारात छाती उघडून पुन्हा शिवलेले जीव दोनच. एक युनूसचाचा आणि दुसरी सात नंबरची मेंढी. चाचांच्या हृदयाला बायपास करताना डॉक्टरांनी त्यांच्याच पायातली शीर काढून वापरली होती. मेंढीला मात्र कृत्रिम नळी जोडली होती, पेनाच्या रिफिलीएवढी. ज्यांच्या पायात धड शीरच उरलेली नाही, अशा माणसांना ती पुढंमागं चालेल का, हे गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात बघत होते. तिथल्या मेंढ्या चाचांच्या ताब्यात. उभा जन्म मेंढरांच्या बाजारात गेलेला. नुसत्या कानांवरून ते मेंढीची मर्जी ओळखत.

नळीतून रक्त झकास वाहत होतं. पण तीन दिवस झाले, मेंढी चाऱ्याला तोंड लावेना.

केंद्रातल्या डॉक्टर माधवी हळूच म्हणाल्या, "चाचा, संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर इंजेक्शन देऊन सोडवावं लागेल तिला. असं झुरत नाही ठेवता येणार."

"मॅडम, मेंढरू एकटं खात न्हाय. दुसरं बांधा शेजारी."

"जखम ओली आहे. दुसरी मेंढी आत नाही चालत."

"आन माणूस?"

"हातपाय धुऊन चालतो."

चाचांना स्वतःचं ऑपरेशन आठवलं. घरी आल्यावर भाकरीकडं बघवत नव्हतं. कमरजहाँचाचीनं ना समजावलं, ना डोळे गाळले. ताट घेऊन समोर बसली आणि वचावचा जेवू लागली. "तुमी नका खाऊ, मला लागलीय भूक!" पाचव्या घासाला चाचांचा हात तिच्या ताटात.

चाचा हातपाय धुऊन मेंढीच्या खणात शिरले. गुडघे टेकून धुतलेला लसूणघासाचा चारा चावू लागले.

"मीठ कमी हाय गं जरा," ते मेंढीला म्हणाले.

मेंढीनं तोंड फिरवलं. दाराच्या काचेतून मॅडम बघत होत्या. चाचा लाजले, पण जबडा थांबवला नाही. अर्ध्या तासानं मेंढीची मान लांबली. पुढ्यातला ढीग सोडून तिनं चाचांच्या तोंडातलीच काडी ओढली.

दिवस कलता ती रवंथ करत बसली. इंजेक्शन कपाटातच राहिलं. अभ्यास संपल्यावर नळी तपासायला ते बाहेर निघणारच, हे चाचांना ठाऊक होतं. पण त्याला अजून सहा महिने होते.

घरी चाचीनं ताट वाढलं.

"आज भूक न्हाय," चाचा म्हणाले.

"छातीत दुखतंय काय?" चाची घाबरलीच.

चाचा हसले. दात हिरवेगार! मग सगळं सांगितलं.

 चाचीनं आपलं ताट वाढून घेतलं, समोर येऊन बसली आणि वचावचा जेवू लागली.